हिंगणीत पोटाचं ऐकलं

वर्धा स्टेशनबाहेरच्या टपरीवर पोहे मागितले. टपरीवाल्या दादांनी तर्रीचा (लाल तिखट रश्श्याचा) डाव उचलला, तसा मी प्लेटवर हात आडवा धरला.

"नको. ॲसिडिटी आहे."

"मंग वर्ध्यात काऊन आल्या, ताई?"

प्रश्न रास्त होता. आले होते, कारण नाशिकला माहेरचे सगळे एका सुरात बोलत होते. नवऱ्याचं दोन वर्षं दुसरीकडे सुरू होतं. ते उघडं पडलं, त्याने माफी मागितली, आणि आता झालं गेलं गंगेला मिळालं म्हणून मी परत नांदायला जावं, असं सगळ्यांचं मत होतं. या प्रवासाहून परतताना मी त्याला उत्तर द्यायचं ठरलं होतं.

फसवलं याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग वेगळा होता. त्या दोन वर्षांत तो उशिरा यायचा आणि फोन उशीखाली सरकवायचा, तेव्हा दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा. "तुला ॲसिडिटी आहे, उगाच काहीतरी मनात आणू नकोस," तो म्हणायचा. मी निमूटपणे गोळी घ्यायचे. माझं पोट खरं बोलत होतं आणि मी त्याला औषध देऊन गप्प बसवत होते! अजूनही पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट होतंच.

सेलूमार्गे एसटीने हिंगणीला पोचले. वाटेत वेचणी संपलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी होती आणि मध्येच एखादा पळस लालभडक फुललेला. बोर धरणाच्या बाजूने जंगलाची काळपट रेघ दिसत होती. मैत्रिणीची मावशी शेवंताबाई मला घ्यायला स्टँडवर आली होती. तिच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि सगळ्या घराला त्यांचा गोड, जरा आंबूस वास होता.

रात्री ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढताना ती म्हणाली, "उद्या झुंजूमुंजू झाल्यावर मोहं वेचाले जातो आमी. येतं का?"

जंगलाला लागून असलेल्या धुऱ्यावर (बांधावर) मोहाची झाडं होती. आम्ही चौघीपाचजणी गेलो. फुलं रात्रभर गळून पडलेली, पिवळसर, बोराएवढी, दवाने गार. शेजारची रुखमा सर्वांत चपळ. बोलता बोलता तिचं टोपलं भरत होतं, माझं मात्र तळाशीच.

शेवटच्या झाडाखाली वाकले आणि पोटात तोच गोळा आला. समोर नुसतं झुडूप होतं, काही हललं नाही, काही वाजलं नाही. सवयीने मी स्वतःला म्हटलं, ॲसिडिटी. दोन फुलं उचलली. मग माझंच मला हसू आलं आणि लगेच संताप आला. इतकं होऊनही मी त्याचीच भाषा बोलत होते!

"मावशी, मला इथे बरं वाटत नाहीये. परत जाऊ या."

शेवंताबाईने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि टोपलं कमरेला लावलं. "चाला वो बायाहो." सगळ्या उठल्या. रुखमा पुटपुटली, "माहं टोपलं अर्धंच राह्यलं," पण तीही निघाली. काय दिसलं, काय ऐकलं, कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

दिवसभर मी कान टवकारून बसले. कुणीतरी वाघ पाहिला म्हणावं, निदान रानडुक्कर तरी! संध्याकाळपर्यंत काहीच बातमी नाही. उलट कुणीसं तिकडूनच गुरं चारून आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शेवंताबाईपाशी जाऊन म्हटलं, "माझ्यामुळे सगळ्यांची सकाळ वाया गेली. तिथे काहीच नव्हतं."

"नसन," ती फुलं वरखाली करत म्हणाली. "आमच्यात एकीचं मन नाई म्हनलं का समद्या मांगं फिरतात. काऊन म्हनून इचारत नाई."

"पण वाघ नव्हता ना!"

"नव्हता त नव्हता. आज तुले इचारून इचारून खोटं पाडलं, त उद्या खरंच वाघ असन तवा तू सांगशीन का? गप्पच राह्यशीन. मंग?"

मी तिथेच अंगणात बसून रडले. तिने रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रुखमाच दारात उभी. "चाला ताई, काल आपलं अर्धं राह्यलं." त्याच झाडाखाली वाकले. पोट शांत होतं. त्या दिवशी माझं टोपलं काठोकाठ भरलं, आणि रुखमाने ते उचलून पाहून "जमलं बापा!" अशी पावती दिली.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून वर्ध्याच्या त्याच टपरीवर थांबले. फोन वाजला. नवरा. "मी स्टेशनवर घ्यायला येतो. नव्याने सुरुवात करू. तू फक्त डोक्याने विचार कर."

आवाज मऊ होता, शब्द बरोबर होते. पोटात गोळा आला. या वेळी मी पोटाला गप्प केलं नाही.

"येऊ नकोस. माझं मन नाही म्हणतंय."

"का? आता मी काय केलं? काहीतरी कारण असेल ना?"

"असेल किंवा नसेलही. ते तुला पटवून देत बसणार नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. गोळा सुटला. श्वास बेंबीपर्यंत गेला.

"दादा, पोहे द्या. वर तर्री."

त्यांनी मला ओळखलं. "अन् ते ॲसिडिटी?"

"ती नाशिकला असते. घाला अजून."

पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, पोटात आग पडली. पण ती तर्रीची होती. तेवढा फरक मला आता कळतो.