तुले काऊन काही झालं नाही?

"सारं गाव ओकून राह्यलं, तुले काऊन काही झालं नाही वं?"

तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णांनी मला हे विचारलं. अण्णा म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी, देवस्थान समितीचे अध्यक्ष. शाळेच्या समितीवरही तेच. मी एका म्हातारीची सलाइनची बाटली हातात उंच धरून उभी होते, कारण स्टँड संपले होते. जमिनीवर सतरंज्या टाकून माणसं निजवली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्यांना मान उचलवत नव्हती त्यांनीसुद्धा.

मी म्हटलं, "मी जेवलीच नाही अण्णा. साऱ्या पंगती उठल्या की मी बसणार होती."

"हाव. तू काऊन जेवशील?"

एवढं बोलून ते आत गेले. आत खाटेवर वहिनी होत्या, अण्णांची बायको. दोन सुना पाय चेपत होत्या. वहिनींना उमासा आला की कोणीतरी पाठीवरून हात फिरवायचं. मला त्या खाटेचा हेवा वाटला नाही. त्या ओकारीचा वाटला. खरं तेच सांगते. चार घास खाऊन मीही तिथं आडवी पडले असते, तर मी गावातली एक झाले असते. उभी राहिले म्हणून आरोपी झाले.

एकादशीच्या प्रसादाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी असते. भगर दरवर्षी अण्णांच्या घरची, तो त्यांचा मान. वहिनी येऊन पहिली मूठ गंजात, म्हणजे त्या मोठ्या पातेल्यात, टाकतात, हळदकुंकू वाहतात आणि खुर्चीवर बसतात. पुढचं सगळं मी करते. शाळेत पोरांची खिचडी मीच शिजवते, त्यामुळे एवढ्या मोठ्या गंजांची सवय गावात फक्त मला. मग लाउडस्पीकरवर सांगतात, "आजचा प्रसाद वहिनीसाहेबांच्या हातचा." बारा वर्षं मी हे ऐकत आले. हाताला उलथन्याचे घट्टे माझ्या, आणि नाव तिचं. दर वर्षी पोटात जळायचं. घरी येऊन हात धुतले की मी गप्प व्हायचे.

आणि आमच्या आळीची पंगत सगळ्यात शेवटी. जातीचं नाव कोणी काढत नाही. पत्रावळी मात्र शेवटी मिळते. रांधणारी म्हणून माझी त्याच्याही मागून.

या वेळी भगर धुताना मला वास आला. कुबट. काही दाणे एकमेकांना चिकटलेले. मी वहिनींना जाऊन म्हटलं, "वहिनी, भगर जुनी हाय का? वास येऊन राह्यला."

"देवाच्या धान्याले नाव ठेवतं का वं?"

शिजल्यावर मी चमच्यावर थोडी घेतली. शाळेत नियमच आहे, आधी मी चाखायचं, मग गुरुजींनी, मग पोरांना. चमचा तोंडाशी नेला तोच वहिनी खुर्चीवरून ओरडल्या, "उष्टं करून राह्यली का! निवद दाखवाचा हाय अजून. ठेव खाली. हात धू."

निवडायला बसलेल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "शाळेची सवय लागली माय तिले!"

मी चमचा ठेवला. हात धुतले. ढवळत राहिले.

त्या प्रसादानं दोघं दगावले. एक आमच्याच आळीतला म्हातारा. दुसरी अंगणवाडीत जाणारी पोर.

गावाला भीती बसली तेव्हा आधी लोकांनी नळाचं पाणी टाकून दिलं. मग कोणी म्हणालं, आमटीतली किराणावाल्याकडची मिरची खराब. मग कोणी म्हणालं, देव कोपला. देवावर जास्त दिवस बोलता येत नाही, आणि किराणावाल्याचे चार भाऊ आहेत. मग मी उरले. मोबाइलवर फिरलं की एकादशीच्या पंगतीत एक बाई जेवली नव्हती. शाळेत पोरं घरून डबे आणू लागली. मी टोपल्यात हात घातला की भाजीवाली म्हणायची, "राहू दे, मी देतो काढून."

डोणगावच्या माझ्या बहिणीचा फोन आला. "अण्णा कागद करून राह्यले म्हणे. ते म्हणतीन तिथं सही करून टाक बाई. त्याईच्या गावात राहाचं हाय तुले."

आठ दिवसांनी देवळात बैठक झाली. वहिनी खुर्चीवर, अंगावर शाल. त्या म्हणाल्या, "मले तं अजून घास जात नाही." सगळ्या बायका चुकचुकल्या. मलाही घास जात नव्हता. माझ्या घरी विचारायला कोणी आलं नव्हतं. तिची भीती म्हणजे आजारपण. माझी भीती म्हणजे पुरावा. केवढा हेवा वाटला मला त्या शालीचा!

अण्णांनी कागद पुढे केला. आवाज मऊ होता. "सही कर. देवापुढे नाक घास. गाव माफ करते तुले. शाळेत दुसरी बाई पाहू आपण."

म्हणजे सही केली की शाळेचं कामही जाणार. माझ्या नावावर असलेलं तेवढं एकच काम.

मला वाचता येतं. कागदावर पहिलं वाक्य होतं, "एकादशीचा प्रसाद मी केला."

मी ते दोनदा वाचलं. ज्या वाक्यासाठी बारा वर्षं जळले, ते आता माझ्या नावानं लिहून आणलं होतं. दोन माणसं मेल्यावर. हसू आलं मला. ते लोकांनी पाहिलं.

"हासते पाहा!"

मी उठले. म्हटलं, "प्रसाद मी केला, खरं हाय. मंग मागच्या बारा वर्साचेही मीच केले, ते लिहा. भगर कोणाच्या घरची, ते लिहा. वास येते म्हून कोणाले सांगितलं, ते लिहा. चाखत होती तं चमचा कोणं खाली ठेवाले लावला, ते लिहा. मंग करीन सही."

"बस खाली!" अण्णा म्हणाले.

मी बसले नाही.

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "मी कधी म्हटलं वं असं? मले तं आठवतही नाही." त्या दिवशी हसलेल्या बायका सतरंजीचे धागे ओढत बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, एकेकीकडे. कोणी वर पाहिलं नाही. कागद तिथंच ठेवून मी बाहेर पडले. मागून कोणीतरी म्हणालं, "जाईल कुठं?"

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचे साहेब ग्रामपंचायतीत आले होते. मी स्वतः जाऊन जबाब दिला. सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं की वास मला आला होता, तरी मी ढवळत राहिले.

साहेबांनी पेन थांबवला. "बाई, हे लिहिलं तर तुमच्यावरही येईल."

"येऊ द्या. एकटीवर नको."

त्यांनी लिहिलं. मी वाचून सही केली.

शाळेनं मला कामावरून थांबवलं आहे. चौकशी चालू आहे. वहिनी परवा रिक्षातून उतरताना दिसल्या, बऱ्या झाल्या आहेत, आणि माझ्या पोटात पुन्हा जळलं. त्यांना विसरता येतं. मला येत नाही. या जळण्याची मला आता लाज वाटत नाही. बारा वर्षं ते गिळत बसले, म्हणून तर चमचा मुकाट्यानं खाली ठेवला.

देवापुढे मी नाक घासणार नाही. पण त्या अंगणवाडीतल्या पोरीची आई आमच्यापासून चार घरांवर राहते. उद्या सकाळी तिच्या दारात जाणार आहे. वास आला होता, मी बोलले, मग गप्प बसले, हे तिला तोंडावर सांगणार आहे. तिनं मारलं तर मारू दे. माफी मागायची तर तिचीच.