रडू नये म्हणून

ती पोरगी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळे कागदात गेले. ही केस मात्र गेली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती आणि ठाण्यावर फोन आला, दातांच्या डॉक्टरने पोरगी मारली, लोक दवाखाना फोडतायत. पोचलो तेव्हा दवाखान्याची पाटी रस्त्यात पडली होती आणि डॉक्टर आतल्या खोलीत कडी लावून बसला होता. पोरगी मेली नव्हती. पाच वर्षांची, किडलेली दाढ काढायला आलेली. गुंगीचं औषध पाजल्यावर ती उठेनाच, म्हणून तिला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

औषधाची बाटली पंचांसमक्ष जप्त केली आणि डॉक्टरला गर्दीतून कसंबसं काढून ठाण्यावर आणलं.

"खरं सांगा, किती पाजलं?" मी दरडावलं.

"वजन करून, मोजून दिलं साहेब. मागच्या वेळी ती माझ्या बोटाला चावली होती, म्हणून या वेळी गोड औषध देऊन बाकावर निजवली. सकाळपासून काही दिलंय का, हेही आजीला विचारलं. नाही म्हणाली."

पुन्हा पुन्हा विचारलं. बनाव करणारा दरवेळी काहीतरी वाढवून सांगतो, हा तेवढंच सांगत होता. तेवढ्यात सरकारी डॉक्टरांचा निरोप आला: एवढ्या औषधाने इतकी गुंगी येत नाही, श्वास मंदावत चाललाय, पोटात आणखी काय गेलंय ते ताबडतोब कळवा. मी तसाच निघालो. गुन्हा कुणाचा हे नंतर बघता आलं असतं, पोरीकडे वेळ नव्हता.

व्हरांड्यात आजी भिंतीला टेकून बसली होती. मूळची माढ्याकडची, मुलाच्या गिरणीतल्या नोकरीमुळे शहरात आलेली. सून विडी कारखान्यात होती, तिला बोलवायला माणूस गेला होता.

"आजी, पोरीला सकाळी काय दिलं?"

"काय न्हाय सायेब. पाणीसुदिक न्हाय."

"काढा, मात्रा, काही?"

"न्हाय म्हंते की!"

हवालदार आवाज चढवायला लागला, त्याला मागे सारलं. शेजारणी छाती पिटत होत्या, नुसता कालवा चालला होता. आणि त्या कालव्यात एकीच्या मांडीवर पोरीचा तान्हा भाऊ ढाराढूर झोपला होता. मीही दोन पोरांचा बाप. असल्या गोंगाटात तान्हं पोर झोपत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी त्याच्या तळपायाला चिमटा काढला. तो नुसता कण्हला.

"याला काय देता?"

आजीचा हात कमरेच्या चंचीकडे गेला. आतून पत्र्याची डबी निघाली. बाळगोळी! अफू घातलेली. कामाला जाणाऱ्या आया तान्ह्याला चाटवायच्या, म्हणजे ते दिवसभर निजून राहायचं.

"डाक्टर म्हणला हुता, पुन्ना रडली तर आणू नका. दाढंनं रातभर वरडायची वो ती," आजी म्हणाली. "मोठी हाय म्हणून दोन चाटवल्या."

डबी घेऊन मी धावतच वॉर्डात गेलो. त्यांनी पोट धुतलं, करायचं ते सगळं केलं. दिवेलागणीला पोरगी गेली.

डॉक्टरला सोडलं, अकस्मात मृत्यूची नोंद केली. आजीने माझे पाय धरले, "सुनंला सांगू नका सायेब." पण हे लपवणं माझ्या हातात नव्हतं. मी सांगितलं. वाटलं होतं, सून सासूच्या अंगावर धावून जाईल. ती डबीकडे बघत राहिली.

"डबी माझीच हाय," ती म्हणाली. "धाकट्याला रोज मीच देती."

मला त्या दिवशी कुणाच्या तरी मुस्काटात द्यायची होती. कुणाच्या द्यायची, तेच कळेना. एवढं मात्र शिकलो, की रडणाऱ्या पोराआधी निपचित पोराकडे बघायचं. हाताखालच्या शिपायांनाही पुढं तेच सांगत आलो.

राहिलेला जबाब घ्यायला नंतर त्यांच्या चाळीत गेलो. बोळातच तान्ह्याचं रडणं ऐकू आलं, गळा फाटेस्तोवर. सून त्याला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती, विड्यांचं सूप तसंच बाजूला पडलेलं. शेजारीण वैतागून ओरडली, "अगं, गप कर की त्याला!"

सून मान वर न करता म्हणाली, "रडू दे. रडतंय म्हंजे हाय."