परिचयपत्रकातला बाप

सुशीलच्या वडिलांचा, गुलाबचंदांचा, हातमाग चाळीस वर्षं चालला. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी पुढची मागाचीच होती. आई प्रेमिला चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची, वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आणि सुशील त्या खड्ड्याच्या काठावर अभ्यास करायचा. कॉलेजात मात्र कोणी विचारलं की तो सांगे, "बाबांचं कापडाचं काम आहे." मित्र दुकान समजत. त्याने कधी खुलासा केला नाही.

पुढे तो भूपेशभाऊंच्या कार्यालयात लागला. लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहायची, भाषणं टाइप करायची. भाऊ तेव्हा आमदारकीच्या तयारीत होते. त्यांच्या घरची शहराबाहेर वाडी गावात मालाची गोदामं. लहानपण सगळं ट्रकांच्या धंद्यात गेलेलं. परिचयपत्रक काढायचं ठरलं, तेव्हा ते म्हणाले, "सुशील, गोदामवाल्याले कोन मत देईन गा? माह्या आजोळी माग होते. त्याच्यावरून काहीतरी लिव."

सुशीलने एका बैठकीत लिहिलं. काठावरचा अभ्यास, आईच्या बोटांना पडलेल्या चिरा, वडिलांचे सुजलेले गुडघे. फक्त स्वतःच्या जागी भाऊंचं नाव घातलं. खाली भाऊ निवडून आल्यावर करणार ती कामं. सगळ्यांत वर, साठीपुढच्या विणकरांना पेन्शन. ती ओळही सुशीलचीच. सभेत भाऊंनी ते बालपण सांगितलं तेव्हा बायकांनी डोळे पुसले. मागे उभ्या असलेल्या सुशीलला त्या दिवशी लाज वाटली नाही, अभिमानच वाटला. ते पत्रक त्याने घरी मात्र येऊ दिलं नाही. पेन्शनचं तेवढं वडिलांना तोंडी सांगितलं.

भाऊ निवडून आले. दोन वर्षांनी, हिवाळी अधिवेशनाच्या आधी, पत्रक नव्याने छापायचं निघालं. भाऊंनी पेन्शनवर रेघ मारली आणि वर लिहिलं, वाडीत मालवाहतूक केंद्र. "विणकर राहिले किती आता?" ते म्हणाले. सुशीलने मुकाट्याने ओळ काढली. बालपण तसंच ठेवलं.

या वेळी पत्रकं घरोघरी वाटली गेली. रविवारी जेवणं झाल्यावर गुलाबचंदांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"हा खड्डा तं आपल्या घरचा हाये," ते म्हणाले. "अन् बोटाच्या चिरा तुह्या मायच्या."

"हो बाबा."

"मले विचारलं असतं तं मी नाही म्हटलं नसतं. पन पेन्शनचं कुठं हाये याच्यात? मी चार जनाइले सांगून ठेवलं."

"काढलं ते."

"कोनं?"

"भाऊनं सांगतलं. काढलं मीच."

आई भांडी आवरता आवरता थांबली. गुलाबचंदांनी पत्रकाची घडी घातली. "लिवलं तूच, खोडलंही तूच," ते म्हणाले. "मंग भाऊले काहून बोल लावतं?"

सोमवारी सुशील भाऊंसमोर उभा राहिला. पुढच्या छपाईत पेन्शन परत घाला, नाहीतर माझ्या बापाची गोष्ट काढा, एवढंच त्याने सांगितलं. भांडण होईल, नोकरी जाईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. भाऊंनी फायलीतून मान वर केली नाही.

"काढून टाक गा. आता तिची गरज नाही. पेन्शनचं पुढच्या वेळी पाहू."

त्याने नोकरी सोडली नाही; घर त्याच्याच पगारावर होतं. पण वडिलांनी ज्या चौघांना पेन्शनचा शब्द दिला होता, त्यांच्याकडे तो स्वतः गेला. पहिलं घर पार्वतीबाईंचं. त्या अजून कोणाकोणाच्या कांड्या भरून देत.

"काकू, पेन्शन येनार नाही," तो म्हणाला. "यादीतून ती ओळ मीच काढली."

पार्वतीबाईंना नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी हसून विचारलं, "कधीपासून भेटनार म्हनतं बाबू?"

त्याला तेच पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या दारात दोन बायका उभ्या राहून ऐकत होत्या.