फुंकर उस्ताद आणि करडीचं तेल

मला धारूरच्या फुंकर उस्तादांनी सावरलं. हे आधीच सांगून टाकतो. कारण माझी खोड अशी, की सांगता सांगता मी स्वतःच्याच घाबरटपणात शिरतो आणि ज्याचे उपकार त्याचं नाव शेवटी कसंबसं येतं. आज तसं व्हायला नको. काय झालं होतं ते आता सावकाश सांगतो.

फुंकर उस्ताद हे काही त्यांचं घरचं नाव नव्हे. समोर कोणतीही वस्तू आली की ते हात लावण्याआधी तिच्यावर फुंकर मारायचे. कुलूप आलं, फू. शिवणयंत्र आलं, फू. चहा गार पाणी झालेला असला तरी फू. बाजेवर टेकण्याआधी बाजेला फुंकर. एकदा एक गावकरी तावातावानं भांडायला आला, तर उस्तादांनी त्याच्या तोंडावरच हलकेच फुंकर मारली. तो बिचारा इतका गोंधळला, की पाणी मागून प्यायला आणि निघून गेला. शेजारचा शिंपी आल्यागेल्याला सांगायचा, "उस्ताद निकाहाला बसले तवा काजीलाबी फुंकर मारली व्हती." उस्ताद मान वर न करता म्हणायचे, "मारली. टोपीवर धूळ व्हती त्याच्या."

मी मूळचा कोकणातला. चौथीतून शाळा सोडली, घरी बसून खाणं बरं दिसेना, म्हणून विशीत एका ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन घाट चढलो आणि गाड्या बदलत बदलत निजामाच्या मुलखात, धारूरजवळच्या एका जहागीरदारांकडे येऊन पडलो. काम मिळालं सिलेखान्यात. सिलेखाना म्हणजे हत्यारांची खोली. तिथल्या बंदुका पुसायच्या, तेल घालायचं, कुलूप लावायचं. कुलूप लावून मी दहा पावलं जायचो आणि परत येऊन ओढून बघायचो. पुन्हा दहा पावलं, पुन्हा परत. नोकर लोक हसायचे. हसोत. घरापासून इतक्या लांब माणसाजवळ कुलपाशिवाय भरवशाचं असतं तरी काय?

त्या वर्षी सरकारांनी, म्हणजे जहागीरदारांनी, मुंबईहून एक नवलाची पेटी मागवली. त्यांच्या मोठ्या रायफलच्या नळीत घालायची एक बारीक नळी, तिच्या मापाचा छोटा बोल्ट आणि पाच काडतुसांचं इवलंसं मॅगझिन. मोठी काडतुसं महाग आणि कानठळ्या बसवणारी, म्हणून निशाण्याचा सराव या बारीक काडतुसांवर करायचा. करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठं काडतूस, बुडाला पातळ कड, आणि ठोका बसायचा तो मधोमध नाही, त्या कडेवर. मॅगझिन खालून एकेक काडतूस वर ढकलणार, बोल्ट त्याला नळीत सारणार, बार उडाला की बोल्टवरचा छोटा आकडा रिकामी पुंगळी कडेला धरून मागं ओढणार आणि ती टणकन बाहेर पडणार. पहिले पंधरा दिवस ती पडायचीही. मला तो आवाज फार आवडायचा.

मग बिघडलं. तिसरं काडतूस वर यायलाच उशीर करी आणि बोल्ट त्याच्या डोक्यावरून मोकळाच पुढं जाई. आलंच तर तिरपं होऊन नळीच्या तोंडाशी अडे. आणि बार उडाला तर पुंगळी आत बसून राही, आकडा तिच्या कडेवरून नुसता घसरे. मी तेल घातलं. अडकणं वाढलं. मी आणखी तेल घातलं. आणखी अडकलं. आमच्याकडे कोयत्याला, कुलपाला, रहाटाच्या कण्याला, सगळ्याला खोबरेल चालतं, कधी तक्रार नाही. इथे खोबरेल कुठलं? स्वयंपाकघरात करडीचं तेल असायचं, खानसामा बाबूमियाँ मागितलं की वाटीभर द्यायचे. तेल ते तेल, असं मी समजलो.

सरकार एका सकाळी माझ्यासमोर पाच वेळा अडले. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "जुमेरातीला तालुकदार साहेब येणार. पाच बोळकी मांडू, पाच बार, एका दमात. तोवर हे नीट झालं तर ठीक. न्हाई तर गाठोडं बांध." जुमेरात म्हणजे गुरुवार, तालुकदार म्हणजे निजामाचा जिल्ह्यावरचा अधिकारी आणि बोळकी म्हणजे मातीची लहान मडकी. मला त्या क्षणी ती पाचही माझ्या डोक्यावर फुटल्यासारखी वाटली. गाठोडं बांधून जायचं कुठं? चिठ्ठी देणाऱ्या माणसाला तोंड काय दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरकारांची परवानगी घेऊन, सगळा सरंजाम कापडात गुंडाळून धारूरला गेलो. बाजारात उस्तादांचं दुकान, भिंतीवर बंदुका दुरुस्त करायची सरकारी सनद काच लावून टांगलेली. मी घडाघडा सगळं सांगितलं. उस्तादांनी कापड सोडलं, बोल्टवर फुंकर मारली, मॅगझिनवर मारली, आणि मग माझ्यावरही मारली.

"कावून थरथर कापाय लागला बे? बंदूक भरलेली हाय का?"

"नाही उस्ताद."

"मग कुनी मरत न्हाई. भाकर खाल्ली?"

भाकरी झाल्याशिवाय त्यांनी हत्याराला हात लावला नाही. मग बाभळीच्या काडीची पाच काडतुसं कोरली, बुडाला पत्र्याची गोल कड बसवली. खऱ्या काडतुसांना त्यांनी दुकानात जागाच दिली नाही. "लाकडाची चुकली तरी उडत न्हाईत, लाकडंच ऱ्हात्यात," म्हणाले. डोळे मिटून ती मॅगझिनमध्ये भरली, बोल्ट पुढं, बोल्ट मागं. तिसरं अडलं. मी म्हणालो, "स्प्रिंग बदला, आकडा घासा, नळीचं तोंडही जरा पसरा की, सगळं एकदमच!"

"एका वक्ताला एकच," उस्ताद म्हणाले. "तीन कामं एकदम केली आन् नीट चाललं, तर कशानं चाललं ते तुला कळंल का मला?"

आधी त्यांनी मॅगझिन भरायची माझी पद्धत पाहिली. मी काडतुसं खुशाल कोंबत होतो. त्यांनी दाखवलं, वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढं बसली पाहिजे. मागं राहिली तर वरचं काडतूस पुढं निघताना खालच्याच्या कडेला अडणार. पुन्हा बोल्ट पुढं, मागं. तिरपं होणं थांबलं, पण तिसरं अजून उशिरानंच वर येत होतं. मग त्यांनी मॅगझिन उघडून आत नख फिरवलं, नाकाशी नेलं. नखाखाली पिवळा, चिकट पापुद्रा आला होता. बोल्टवरच्या आकड्याच्या खाचेतही तसाच.

"तेल कोन घालतं ह्याला?"

मी म्हणालो, "बाबूमियाँ."

तोंडातून कसं गेलं मला ठाऊक नाही. गाठोडं डोळ्यांपुढं होतं, एवढंच खरं. उस्ताद वाकले आणि माझ्या उजव्या बाहीवर हलकेच फुंकर मारली. तिथं करडीच्या तेलाचा हा एवढा डाग होता. डाग फुंकरीनं जात नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मग जणू काही घडलंच नाही अशा आवाजात ते म्हणाले, "करडीचं तेल आमी मोटेला लावतो. चामड्याची मोट, रोज पान्यात जाती. तेल वाळतं, वर कातडी धरतं, मंग पानी आत शिरत न्हाई. मोटेला लई चांगलं. तू बंदुकीला... म्हंजी बाबूमियाँनं बंदुकीला मोट केली."

राकेलात भिजवून, काडीला चिंधी गुंडाळून त्यांनी तो पापुद्रा काढला. स्प्रिंग बदलली नाही, आकडा घासला नाही. बाभळीची पाचही काडतुसं सपासप वर आली आणि पाचही टणाटण बाहेर पडली. मला रडू आलं. उस्ताद मात्र भलत्याच विचारात होते. "तुमच्या कोकनातलं खोबरेल असं वाळत न्हाई ना? पर थंडीत थिजतं म्हनं. बगाया पायजे एकदा." मी म्हणालो, "आणीन की." तेव्हा तोंडातून काहीही जात होतं.

जुमेरातीला सरकारांनी उस्तादांनाही बोलावलं. पाच बोळकी, पाच बार. मी बोळक्यांकडे बघितलंच नाही, पुंगळ्यांकडे बघत होतो. पाचवी माझ्या पायाशी पडली तेव्हा तालुकदार साहेब वाहवा म्हणाले. सरकार खुशीत वळले. "उस्ताद, ऐब काय होता?"

"ते ह्या कोकण्याला इचारा, सरकार," उस्ताद म्हणाले आणि हातातल्या चहावर फुंकर मारू लागले.

मी बघितलं. चहाचं तबक धरून बाबूमियाँच उभे होते. दाढी पांढरी, चेहऱ्यावर माझ्यासाठी खराखुरा आनंद.

"करडीचं तेल वाळून बसलं होतं, सरकार."

"कुणी घातलं?"

उस्तादांची फुंकर थांबली. तेवढंच मला ऐकू आलं.

"मी, सरकार. रोज. आणि उस्तादांना मी खोटं नाव सांगितलं, बाबूमियाँचं."

बाबूमियाँचं तबक जरा खुळखुळलं. मग तालुकदार साहेबच खो खो हसले, "रोज घातलं! कामचुकार तर म्हणता येणार न्हाई ह्याला!" सरकारांनाही हसू आवरेना. "गाठोडं सोड," ते म्हणाले. "पण हफ्त्यातले दोन दिवस उस्तादांकडं जायचं. मोटेला काय लावतात आणि बंदुकीला काय, शिकून ये. आणि आधी बाबूमियाँचे पाय धर."

धरले. बाबूमियाँ म्हणाले, "वाटी धुऊन परत दे, बस."

हफ्त्यातले ते दोन दिवस पुढं सहा वर्षं चालले. आज गुजरातेतल्या एका गिरणीच्या दुरुस्तीखात्यात मी जे काही करतो, ते तिथलंच. एका वक्ताला एकच. भाकर आधी. नवे कामगार मला चोरून हसतात, कारण मीही यंत्राला आधी फुंकर मारतो.

मी धारूर सोडलं तेव्हा उस्ताद मांजरसुंबा गावापर्यंत गाडीतून पोचवायला आले होते. उपकारांबद्दल काही नीट बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण डोळेच आधी भरले. उस्तादांनी माझी पापणी दोन बोटांनी वर धरली, आणि फू. "कुसळ गेलतं," ते गाडीवाल्याला म्हणाले. डोळ्यात काहीच गेलेलं नव्हतं.

परवा शिंप्यानं कार्ड लिहिलं. उस्तादांना आता नीट दिसत नाही, पण डोळे मिटून काम करायची सवय असल्यामुळे त्यांचं काही अडत नाही म्हणे. उस्ताद, या थंडीत मी रजा काढून आधी घरी जाणार आहे आणि तिथून सरळ धारूरला. घाण्यावरच्या खोबरेलाची बाटली घेऊन. एका सकाळी तुमच्या ओट्यावर ठेवू, थिजतं की नाही ते तुम्ही बोटानं बघा. पहिली फुंकर तुमची. आणीन म्हणालो होतो ना? त्या दिवशी तुमच्या दुकानात मी दोन गोष्टी बोललो होतो, त्यातली एक तरी खरी करीन.