वहीत लिहिलं, बूट ठीक

आमच्या वॉकिंग फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरीने माझ्या मित्राला फसवलं. ऐकीव नाही, डोळ्यांदेखत फसवलं.

हा साठीच्या माणसांचा खेळ. पळायचं नाही, चालतच खेळायचं. मित्राला मधुमेह, पायाला साधं खरचटलं तरी महिनोन्महिने भरत नाही. त्यामुळे वहिनी त्याला सोडेनात. सेक्रेटरी स्वतः त्याच्या घरी गेले. "वहिनी, नडगीला पॅड, रबरी तळाचे बूट, अंगावर धातू नाही. तपासून वहीत लिहिल्याशिवाय मी कोणाला मैदानात सोडत नाही." या शब्दावर वहिनी तयार झाल्या.

तो नियम मीही सोसला. पंचवटीत भाजीच्या हातगाडीपासून गाळ्यापर्यंत आलो तो घासाघीस करतच. पहिल्या दिवशी अंगठीवरूनही केली.

"निघत नाही हो साहेब, वर पट्टी गुंडाळतो."

"साबण लावा."

लावला. नळाखाली बोट सोलून निघालं. राग आला, पण म्हटलं, माणूस शब्दाचा पक्का आहे.

मग एका रविवारी मैदानाचे मालक खेळायला आले. बुटांच्या तळाला लोखंडी खिळे. मी ओरडलो, "साहेब, ते बूट बघा!"

सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले. "चालतंय हो शेठ! आपल्याला चालायचंच तर आहे."

सगळे हसले. मित्रसुद्धा.

थोड्याच वेळात मालकांचा पाय मित्राच्या पायावर पडला. बूट फाटला, मोजा लाल झाला. त्याला रिक्षात बसवून मी खुर्चीवरची वही उघडली. मालकांच्या नावापुढे सेक्रेटरींच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बूट तपासले, ठीक.'

मालक दुखावले तर मैदान जाईल, ही भीती मला कळते. मी धंदेवाला आहे. पण मग वहिनींना तसं सांगायचं होतं, की मालक येतील त्या दिवशी नियम नाही. त्यांनी नवऱ्याला घरी ठेवला असता. आता सेक्रेटरी लोकांना सांगतात, "त्याच्या पायाला आधीचंच काहीतरी असणार."

गुरुवारी मित्राच्या पायाचं बोट कापणार आहेत. सेक्रेटरीसाहेब, त्याआधी दवाखान्यात या, वही घेऊन या. त्याच्या खाटेपाशी उभं राहून ती ओळ मोठ्यानं वाचा, आणि ती का लिहिली ते त्याला सांगा. मी तिथंच बसलेला असेन.