फ्लॅशचा डोळा

वसंतअण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरगोळच्या बाजारात घरासाठी घ्यायच्या मिरचीचा भाव पाडत उभा होतो. मिरची तशीच टाकून धारवाडला निघालो... वाटभर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. भांडण जुनंच, एका शब्दाचं.

गोकुळ रोडला मी फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हा धारवाडच्या मोठ्या लग्नांचे फोटो अण्णांकडेच जायचे. त्यांच्या फोटोत नवरीचा चेहरा कधी चकचकीत, तेलकट दिसला नाही. फ्लॅशवर ते मलमलीचं पांढरं कापड बांधतात, एवढं मी लांबून हेरलं होतं. पुढे घासाघीस करून अळणावरचं एक तालेवार लग्न मिळवलं आणि फ्लॅशला माझा पांढरा रुमाल गच्च गुंडाळला. अण्णा तिथे पाहुणे म्हणून आले होते, गळ्यात सवयीने कॅमेरा. अक्षतांच्या आधी जवळ येऊन हळूच म्हणाले, "कण्ण मुच्चब्याडो, तम्मा." डोळा झाकू नको, बाळा. मी एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघत होतो. वाटलं, मला चारचौघांत नवशिका ठरवतायत. "माझे डोळे माझे मी बघतो," मी फाडकन बोललो. ते हसून मागे सरकले.

रोल धुतला, तर फोटो सगळे काळेकुट्ट. नव्या स्टुडिओचं नाव तिथेच बुडायचं... तेवढ्यात अण्णा स्वतः जिना चढून आले. माझ्यामागे उभं राहून त्यांनी सगळं लग्न टिपलं होतं. रोल टेबलावर ठेवला, म्हणाले, "तुझेच म्हणून दे." मग माझ्या फ्लॅशच्या पुढच्या बारीक गोल काचेवर बोट ठेवलं. ऑटो फ्लॅशचा डोळा तो. समोरून परतणारा उजेड मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश बंद करतो. कापड नुसतं दिव्यावर असलं, तर फ्लॅश आपणच जास्त वेळ पेटतो, आपल्याला काही बदलावं लागत नाही. पण डोळाही झाकला, की कापडावरचा उजेडच त्याला समोरचा वाटतो आणि तो भलताच लवकर थांबतो. बोलता बोलता त्यांनी कात्रीने माझ्या रुमालाला खिडकी पाडली.

"मग तिथंच फ्लॅशचा डोळा म्हणायला काय झालं होतं?" मी भांडलोच.

"दुसरा शब्द बोलू दिलास काय तू?"

पुढे प्रत्येक भेटीत मी हे उकरून काढायचो. नाही काढलं, तर तेच विचारायचे, "आज राग नाही काय?" माझा स्टुडिओ उभा राहिला तो त्यांच्या रोलवर, हे मी जाणून आहे. पण तो एक शब्द त्यांनी आधी म्हणायला हवा होता, हेही माझं अजून खरंच आहे.

आता कॅमेरे बदलले. माझ्या फ्लॅशला पुढे तसा डोळा नाही, त्यावर कापडही नाही. तरी बटण दाबण्याआधी माझं बोट पुढे जातं, त्या डोळ्याची जागा उघडी आहे ना, चाचपून बघतं... आणि मगच मी नवरा-नवरीला हसायला सांगतो.