आईच्या खोलीतली ट्यूब

आईच्या खोलीतली जुनी ट्यूब कित्येक दिवस नुसती फडफडत होती. शेवटी मी बल्लारपूरच्या चौकातून एका मिस्त्रीला घेऊन आलो. टेस्टर कानावर खोचून तो स्टुलावर चढला आणि त्यानं जुना चोक काढून नवा बसवला. मी बटन दाबलं. ट्यूब पेटली, तशी अंथरुणाला खिळलेल्या आईची मळकी, ओली चादर लख्ख दिसली. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मिस्त्री गुपचूप खाली उतरला. हळूच म्हणाला, "भाऊ, बटन बंद करा. पहिले मायची चादर बदलवा. मी बाहेर थांबतो."

तो अंगणात जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला. घरात धुतलेल्या चादरी कुठं ठेवतात, हे मला आईलाच विचारावं लागलं.